भोगीचे चुकीचे समर्थन आणि खरे

मकर संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी हे सातारा-सांगलीकडचे ऐन थंडीतले मोठे जेवण. शिराळ्याच्या पट्ट्यातही त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, मुगाच्या डाळीची खिचडी आणि खेंगट करतात. खेंगटात वांगी, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा आणि शेंगदाणे पडतात. वर तिळाचे कूट.

या जेवणाचे समर्थन बहुधा चुकीच्या आधारावर होते. त्या सुमारास सूर्य उत्तरेकडे वळतो, हे त्यातले एक. प्रत्यक्षात तो २१-२२ डिसेंबरलाच वळतो. १४-१५ जानेवारीला तो निरयन मकर राशीत शिरतो. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ ही म्हणही शब्दशः घेता येत नाही. बाजरीत लोह आहे, तिळात निम्म्याच्या आसपास तेल आणि भरपूर कॅल्शियम आहे. पण एका दिवसाच्या ताटाने वर्षभराचे आरोग्य मिळत नाही. सर्वांत लाडका दावा हे जेवण पुरातन आणि अपरिवर्तित असल्याचा. मिरची आणि शेंगदाणा मूळचे अमेरिकेतले, इकडे आले सोळाव्या शतकापासून पुढे. बाजरीही मूळची आफ्रिकेची, मात्र हजारो वर्षांपूर्वी आलेली. शिराळा तर भाताचा तालुका. बाजरीचे शिवार माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या भागात. भोगीचे ताट एका गावाचे नाही, ते घाटमाथ्यापासून माणदेशापर्यंतच्या देवघेवीचे आहे.

मग बारा महिने सगळ्या भाज्या मिळत असताना भोगीची गरज काय, असा प्रश्न विचारला जातो. आइसलंडने त्याला उत्तर दिले आहे. तिथे मीठ दुर्मीळ, म्हणून मांस आंबट निवळीत मुरवून हिवाळा काढत. शीतकपाटे आली आणि ही गरज संपली. तरी जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू होणाऱ्या थोरी महिन्यात आंबवलेला शार्क, मेंढ्याचे केस जाळून उकडलेले डोके आणि सुकवलेले मासे यांची मेजवानी भरते. ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने रुजली आणि १९५८ पासून रेक्याविकच्या एका उपाहारगृहाने तिच्या पदार्थांचे ताट लोकप्रिय केले. गरज संपल्यावरही सणाने अन्न राखले.

भोगीचे खरे कारण तिच्या वेळेत आहे. पौषात पावटा भरतो, हरभऱ्याला घाटे धरतात, खरिपाची बाजरी घरात आलेली असते. शिवारात जे उभे असते, ते एका भांड्यात एकत्र शिजते. शिराळ्यात वारणा-मोरणा नद्यांच्या काठी ऊस पसरल्यावर खेंगटाची भाजी बाजारातून आणावी लागू लागली. भोगीला खरा धोका इथे आहे. उसाच्या बांधावर पावट्याचे आणि घेवड्याचे चार वेल राखणे, एवढे तरी प्रत्येक शेतकऱ्याने करावे.