किल्ली कुणाकडे?

'घेट्टो' हा शब्द हल्ली कुणीही कुठेही वापरतो. वस्ती गरीब दिसली, दाटीवाटीची दिसली की झाला घेट्टो! परवा तर कुंपण-पहारेवाल्या एका भारी सोसायटीला 'श्रीमंतांचा घेट्टो' म्हटलेलं वाचलं. जन्मभर मुलांना शब्दार्थ शिकवलेल्या माणसाच्या दाताखाली असे शब्द खड्यासारखे येतात. म्हणून हा प्रपंच.

शब्द व्हेनिसचा. १५१६ साली तिथल्या सरकारने ज्यूंना एका लहानशा बेटावर राहायची सक्ती केली. तिथे पूर्वी धातूच्या ओतकामाचा कारखाना होता, त्यावरून हे नाव पडलं असं बहुतेक जाणकार मानतात. रात्री दारं बंद, बाहेर पहारा, आणि पहारेकऱ्यांचा पगार मात्र ज्यूंकडूनच वसूल! १७९७ मध्ये नेपोलियनचं सैन्य आलं, तेव्हा ती दारं निघाली. पुढे १९४० मध्ये नाझींनी वॉर्सात भिंत घालून चार लाखांवर माणसं कोंडली.

तेव्हा गरिबी किंवा गर्दी ही घेट्टोची खूण नव्हे. खूण एकच, किल्ली कुणाकडे? सोसायटीवाले स्वतःहून आतून कडी लावतात आणि मनात येईल तेव्हा गाडी काढून बाहेर पडतात. त्यांना घेट्टो म्हणणं ही कोंडलेल्यांची थट्टा आहे.

कुणी म्हणेल, मास्तर, भाषा बदलते. कबूल. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना घेट्टो म्हटलं गेलं, तिथे कुठे कुलूप होतं? होतं की! दुसरीकडे त्यांना कुणी घर देत नसे, बँका कर्ज देत नसत. कुलूप दिसत नव्हतं इतकंच.

आपल्याकडेही भिंत नसून कोंडण्याची कला जुनी आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या एका पुस्तकाच्या नावातच हा शब्द घातला, 'भारताच्या घेट्टोची लेकरं' अशा अर्थाचं ते नाव. बाबासाहेब शब्द तोलून वापरत. गावकुसाबाहेरची वस्ती कुणी हौसेने निवडली नव्हती.

आणि आजही आडनाव ऐकून 'फ्लॅट गेला हो' असं सांगणारे आपणच, अन् मग 'ते लोक एकत्रच राहतात' म्हणून नाक मुरडणारेही आपणच. घेट्टो म्हणायचं तर खुशाल म्हणा. फक्त म्हणताना आपला खिसा एकदा चाचपून पाहा, किल्ली तिथेच असेल.