विश्लेषण : सेप्टिक टँक तुंबेपर्यंत थांबणे महागात का पडते?

महाराष्ट्रातील अनेक लहान शहरांत आणि शहरांलगतच्या वसाहतींत भुयारी गटारे नाहीत. तिथे शौचालयाचे पाणी जाते ते घराच्या सेप्टिक टँकमध्ये. मैला उलटून वर येईपर्यंत या टाकीकडे सहसा कोणी बघत नाही. या सवयीची किंमत घरमालकाला पैशांत मोजावी लागते, तर सफाई कामगाराला प्रसंगी जीव देऊन.

टाकीत नेमके काय होते?

टाकीत आलेला मैला तीन थरांत विभागला जातो. जड भाग तळाशी गाळ म्हणून बसतो, तेल-चरबी वर सायीसारखी तरंगते आणि मधले पाणी पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग कुजवतात, पण सगळा नाही. उरलेला गाळ साचत जातो. म्हणजेच टाकी मैला पूर्णपणे ‘पचवत’ नाही, तो काही काळ साठवते. म्हणूनच दर दोन ते तीन वर्षांनी उपसा करावा, अशी शिफारस केली जाते.

तुंबल्यावर उपसले तर काय बिघडते?

गाळ वाढला की पाण्याला टाकीत स्थिरावायला जागा आणि वेळ मिळत नाही. न बसलेला मैला पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि आजूबाजूच्या मातीची छिद्रे बुजवतो. अशा वेळी टाकी रिकामी केली तरी काही दिवसांत ती पुन्हा भरते, कारण खरा बिघाड खड्ड्यात झालेला असतो. मग खड्डा नव्याने खणण्यावाचून फारसा पर्याय उरत नाही. काळ्या चिकणमातीत पाणी आधीच हळू मुरते, तिथे हा धोका अधिक. जवळ विहीर किंवा बोअर असेल, तर प्रश्न पिण्याच्या पाण्याचाही होतो.

घरमालकाने काय पाहावे?

सर्वात आधी, टाकीचे झाकण फरशीखाली किंवा बांधकामाखाली गाडू नये. अनेक घरांत ते सापडतच नाही आणि उपसा लांबतो. टाकी किती भरली हे लांब काठीने तपासता येते. गाळ खोलीच्या एकतृतीयांशापर्यंत आला, की गाडी बोलवावी. तपासताना तोंडाशी वाकू नये आणि काडी पेटवू नये, आत ज्वलनशील मिथेन असतो. सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, स्वयंपाकघरातील तेल टाकीत जाऊ देऊ नये. ॲसिडचा भडिमार केल्यास जिवाणू मरतात. बाजारात मिळणारी पावडर टाकली म्हणून उपसा टळत नाही. सतत दुर्गंधी, संडासातून पाणी हळू उतरणे, शोषखड्ड्यावरची जमीन कायम ओली राहणे ही बिघाडाची लक्षणे आहेत. भेग पडलेली टाकी दुरुस्त करता येते. मात्र तळ नसलेली किंवा खचलेली टाकी बदलणेच योग्य.

कायदा काय सांगतो?

टाकीतील हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त प्रमाणात असेल तर नाकाला वासही कळेनासा होतो आणि माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेलेही दगावतात. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि ती नगरपालिकेइतकीच घरमालकाला व गृहनिर्माण सोसायटीलाही लागू होते. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अशा मृत्यूंसाठीची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. अनेक वर्षे न उपसलेल्या टाकीत गाळ घट्ट होतो, पंपाने निघत नाही आणि मग ‘आत उतरा’ असा आग्रह सुरू होतो. वेळेवर केलेला उपसा ही वेळच येऊ देत नाही.

वाई आणि सिन्नरने काय वेगळे केले?

सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगर परिषदांनी ‘तक्रार आली की गाडी’ ही पद्धत सोडली. शहराचे भाग पाडून प्रत्येक टाकी साधारण तीन वर्षांतून एकदा उपसायची, असे वेळापत्रक त्यांनी आखले. वाईत हे काम २०१८ मध्ये सुरू झाले. खर्च करांमधून भागवला जातो, त्यामुळे गाडी दारात आल्यावर वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. उपसलेला मैला ओढ्यात किंवा शेतात न ओतता प्रक्रिया केंद्रात नेला जातो.

मग अडचण कुठे आहे?

वेळापत्रक चालवायचे तर प्रत्येक टाकीची नोंद, गल्लीत शिरेल अशी गाडी आणि मैल्यावर प्रक्रिया करणारे केंद्र, असे तिन्ही लागते. त्यातही नागरिकांची तयारी हवी. ‘आमची टाकी भरलेली नाही’ म्हणून गाडी परत पाठवली जाते. पण टाकी पाण्याने नेहमीच भरलेली असते. पाहायचा असतो तो गाळ. नगरपालिकेचे वेळापत्रक नसेल, तिथे निदान शेवटच्या उपशाची तारीख घरात लिहून ठेवणे एवढे तरी प्रत्येकाच्या हाती आहे.