‘कम्युनिकेशन’ कुणाचं मोजतात आणि कुणाचं फुकट घेतात?

दामूनगर, हनुमाननगर, पोईसर. आपल्या कांदिवलीतल्या या वस्त्यांमधली कितीतरी मुलंमुली घरातली पहिली पदवी घेऊन मालाडच्या कॉल सेंटरमध्ये नाहीतर मॉलमधल्या शोरूममध्ये मुलाखतीला जातात. बरेच जण हात हलवत परत येतात. काय झालं विचारलं की ठरलेलं उत्तर: “कम्युनिकेशन कमी पडलं म्हणे.”

टॅली येत नाही असं सांगितलं असतं तर पोरगा क्लास लावेल. पण कम्युनिकेशन कमी पडलं म्हणजे नेमकं काय कमी पडलं? इंग्रजी? उच्चार? कपडे? की पत्ता?

माणसांशी नीट वागता येणं हे खरंखुरं कौशल्य आहे, त्याबद्दल वाद नाही. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणं येरागबाळ्याचं काम नाही. डेव्हिड डेमिंग या अर्थतज्ज्ञाने २०१७ साली अमेरिकेतले आकडे मांडून दाखवलं की अशी कामं आणि त्यांचे पगार, दोन्ही वाढत गेलेत. माझा प्रश्न मोजपट्टीचा आहे.

अभिजित बॅनर्जी (हो, तेच नोबेलवाले) आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात एक प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३७१ जागांसाठी ३१६० बनावट अर्ज पाठवले. आडनावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली. सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीमुळे फरक दिसला नाही. कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र उच्चवर्णीय आडनावांना ओबीसींपेक्षा जास्त बोलावणी आली. अनुसूचित जातींच्या बाबतीतही फरक होता, पण कमी. मुस्लिम नावांबाबत तसा भेदभाव या प्रयोगात आढळला नाही, हेही सांगायला हवं.

मी याचा अर्थ असा लावतो: कोड चालतो की नाही हे तपासता येतं, तिथे आडनाव मागे पडतं. जिथे ‘बोलणं-वागणं’ हा निकष असतो, तिथे आडनाव हळूच आत शिरतं. तेही अर्जातच, उमेदवाराने तोंड उघडण्याआधी!

आता दुसरी बाजू बघा. ज्यांच्याकडे हे कौशल्य ठासून भरलंय, त्यांना आपण काय देतो? महापालिकेच्या आरोग्य स्वयंसेविका चाळीचाळीत फिरतात. बाळाला लस द्यायला घाबरणाऱ्या आईला समजावतात, सासूची समजूत काढतात, टीबीच्या पेशंटला गोळ्या सोडू देत नाहीत. हे सगळं बोलूनच होतं ना? देशभरातल्या आशाताईंचा २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. पण कागदावर या सगळ्या ‘स्वयंसेविका’, म्हणून पगार नाही, मानधन. महाराष्ट्रातल्या आशाताईंना मानधनवाढीसाठी संप करावा लागला, तेव्हा कुठे २०२४ मध्ये दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर झाली.

म्हणजे सुटाबुटातला माणूस समजावतो ते ‘स्किल’, आणि वस्तीतली बाई समजावते तो तिचा ‘स्वभाव’. स्किलला पैसे मिळतात, स्वभावाला शाबासकी. घरकाम करणाऱ्या, म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या मावशींचंही तेच. “फार प्रेमळ आहे हो,” असं सगळ्या सोसायटीत सांगायचं आणि पगारवाढ मागितली की तोंड फिरवायचं.

काही जण म्हणतील, धंदा आहे, गिऱ्हाईक पाहूनच माणूस घेणार. मान्य. मग काय पाहिजे ते लिहून द्या. भाषा कोणती, किती यायला हवी, कामाचा कोणता प्रसंग हाताळून दाखवायचा, गुण कसे देणार. सगळ्यांना तोच प्रसंग द्या. नाकारलंत तर काय कमी पडलं ते एका ओळीत सांगा. याला खर्च येत नाही. आणि ज्या कामात दिवसभर माणसं सांभाळायची असतात, त्याचे पैसे पगाराच्या चिठ्ठीत दिसू देत.

आपल्या नगरसेवकांना, आमदारांना एवढंच विचारा: रोजगार मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांकडून हे लेखी का घेत नाही? आरोग्य स्वयंसेविकांना ‘कर्मचारी’ म्हणायला काय अडतं?

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला ‘कम्युनिकेशन’च्या नावाखाली नाकारलं असेल, तर मुलाखतीत नेमकं काय विचारलं होतं ते कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, प्रश्न लिहा.