तटाबाहेरच्या वस्तीची साक्ष

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, फोर्ट व्हँकूवर नावाचे जुने व्यापारी ठाणे आहे. (कॅनडातले व्हँकूवर शहर वेगळे.) लंडनच्या हडसन्स बे कंपनीने ते १८२४-२५ च्या हिवाळ्यात उभारले आणि १८२९ मध्ये नदीजवळच्या मैदानात हलवले. धंदा कातड्यांचा. बीव्हर या पाण्यात राहणाऱ्या प्राण्याच्या मऊ केसांपासून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या बनत. त्याआधी हाव होती ती समुद्री ऊदमांजराच्या कातड्यांची; त्यासाठी डिसेंबर १७८५ मध्ये जेम्स स्ट्रेंज आपल्या मुंबईहून दोन जहाजे घेऊन त्याच किनाऱ्याकडे निघाला होता.

या ठाण्याला लाकडी तट होता. तटाच्या आत कंपनीचे अधिकारी, गोदामे, मुख्य अधिकारी जॉन मॅक्लॉफ्लिन यांचे घर. तटाबाहेर कष्टकऱ्यांची वस्ती. हवाई बेटांवरचे मजूर, क्री, इरोक्वा, चिनूक, मिश्र वंशाचे मेटी, फ्रेंच कॅनेडियन, गरीब स्कॉट असे तीसहून अधिक जमातींचे व वंशांचे लोक तिथे राहत. हवाईच्या मजुरांवरून या वस्तीला पुढे 'कनाका व्हिलेज' म्हणू लागले. 'कनाका' या हवाई शब्दाचा अर्थ माणूस. गोऱ्यांच्या तोंडी तो मजुराचे नाव झाला. गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आता उत्खननाकडे पाहू. १९४७ मध्ये लुई केवूड या पुरातत्त्वज्ञाने खोदकाम सुरू केले ते तट शोधण्यासाठी. तटाचे कुजलेले खांब जमिनीत सापडले, १९४८ मध्ये जागा राष्ट्रीय स्मारक झाली. तटाबाहेरच्या वस्तीत पद्धतशीर खोदकाम व्हायला मात्र १९६० चे दशक संपत यावे लागले. १९७० च्या दशकातले मोठे खोदकाम तर महामार्गाचा जोडरस्ता त्या जागेवरून जाणार होता म्हणून झाले. म्हणजे मालकाचे घर इतिहास म्हणून खणले आणि मजुराचे घर रस्त्याच्या आड आले म्हणून! कुदळ कुठे मारायची हे ठरवणारा माणूसच इतिहासात कोण राहणार हेही ठरवत असतो.

आणि त्या वस्तीत निघाले काय? चिनी मातीच्या पाईपांचे तुकडे, गुंड्या, काचेचे मणी, आणि इंग्लंडच्या स्पोड कारखान्याच्या निळ्या नक्षीच्या बशा. याच बशा तटाच्या आत साहेबांच्या टेबलावरही होत्या. झोपडीत राहणारा मजूर म्हणजे केवळ दोन हात, असे मानणाऱ्यांना ही खापरे उत्तर देतात. कंपनीच्या वह्यांत मजुराचे नाव असे ते पगार आणि उधारी लिहिण्यापुरते. त्याच्या बायकोचे तेही नाही. कॅथलिक मिशनच्या नोंदींत कित्येक स्त्रियांच्या नावापुढे आडनावाच्या जागी फक्त जमातीचे नाव आहे. तिच्या संसाराचा पुरावा कागदावर नाही, मण्यांत आहे. वकिलीच्या भाषेत सांगायचे तर दस्तऐवज मालकाच्या ताब्यात असले की मुद्देमालच बोलका करावा लागतो.

या वस्तीचे गोडवे मात्र आम्ही गाणार नाही. तिथे गुलामही होते. १८३६ ते १८३८ या काळात ठाण्यात असलेले पाद्री हर्बर्ट बीव्हर यांनी त्याविरुद्ध लिहिले. वस्तीच्या पायथ्याशी आणखी एक पायरी होती, आणि त्या गुलामांचे मणी कोणते, हे कोणतेही खापर सांगत नाही.

१८४६ च्या तहाने हा मुलूख अमेरिकेकडे गेला. १८४९ मध्ये लष्कर शेजारी येऊन बसले, १८६० मध्ये कंपनीने ठाणे सोडले. त्याच वर्षी सैनिकांनी विल्यम काऊलेहेलेहे यांचे घर जाळले. हवाईच्या मजुरांसाठी १८४५ मध्ये आलेले हे धर्मोपदेशक. कंपनी मात्र आपल्या मुलखातल्या हक्कांसाठी दावा लढली आणि १८६९ मध्ये तिला साडेचार लाख डॉलरचा निवाडा मिळाला. तहाने 'मालमत्ता' म्हणून मान्य केले होते ते कंपनीच्या आणि ब्रिटिश प्रजाजनांच्या ताब्यातले. हवाईच्या मजुराचे घर त्या व्याख्येत बसले नाही.

आणि ज्यांची मूळ जमीन, त्यांचे काय? १८३० पासून आलेल्या तापाने, बहुधा हिवतापाने, नदीकाठची चिनूक गावे ओस पडली. १८५१ मध्ये त्यांच्याशी झालेला करार अमेरिकी सिनेटने मंजूरच केला नाही. १९९० च्या कायद्याने मूळनिवासींचे अवशेष व पवित्र वस्तू परत मागण्याचा हक्क दिला, पण जमातींपैकी तो केंद्र सरकारची मान्यता असलेल्यांनाच. चिनूक नेशनला ही मान्यता जानेवारी २००१ मध्ये मिळाली आणि २००२ मध्ये काढून घेतली गेली. त्यांच्या नदीकाठावरची खापरे क्रमांक घालून कपाटात नीट ठेवली आहेत. ती ज्यांच्या काठावर सापडली, त्या माणसांची नोंद सरकारने अजून केलेली नाही.