यंत्रबुद्धीचे नाटक बंद कारखान्यात व्हावे

कृत्रिम बुद्धिमत्तेवर नाटक करायचे तर ते कोणत्या वास्तूत करावे, हा प्रश्न एकट्या नेपथ्यकाराचा नाही. युरोपात वापर थांबलेल्या जुन्या चर्चमध्ये प्रायोगिक नाटके होतात. फ्रान्सच्या आव्हिन्यों महोत्सवाने तर अशी जुनी प्रार्थनागृहे नाटकासाठी वर्षानुवर्षे वापरली आहेत. यंत्राला मन असते का, निर्माता कोणाला म्हणावे, हे प्रश्न अशा वास्तूत विचारले की त्यांना वजन येते. आपल्याकडे कोणी हाच प्रयोग करू म्हटले तर नजर आधी वसईच्या किल्ल्याकडे जाईल. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकला आणि पोर्तुगीजांची चर्चे पुढे ओस पडली. पण किल्ला केंद्राच्या संरक्षणाखाली आहे, तिथे कार्यक्रमासाठी लेखी परवानगी लागते. शिवाय संत गोन्सालो गार्सिया यांच्या स्मरणार्थ भाविक तिथे आजही जमतात, तेव्हा या भिंती निव्वळ रिकाम्या म्हणता येत नाहीत. युरोपाची जागा उचलण्यापेक्षा तिच्यामागचा विचार उचलावा. ज्या वास्तूच्या इतिहासातच नाटकाचा प्रश्न दडलेला आहे, ती वास्तू निवडावी. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशी वास्तू म्हणजे बंद पडलेला कारखाना.

यंत्रमानवावरचे गाजलेले पहिले नाटकही कारखान्यातच घडते. कारेल चापेक या चेक लेखकाचे ‘आर. यू. आर.’ १९२१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात आले. त्यातले यंत्रमानव एका बेटावरच्या कारखान्यात तयार होतात, स्वस्तात राबतात आणि अखेर बंड करून मानवजात संपवतात. ते एकाच माणसाला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, त्याच प्रागमधल्या रंगकर्मींनी आणि संशोधकांनी बहुतांश संवाद संगणकाकडून लिहून घेऊन नाटक केले. या शतकात यंत्राची जागा बदलली, कारखान्यातून ते लेखकाच्या टेबलावर आले. चापेकने मांडलेला प्रश्न मात्र तसाच राहिला: काम यंत्राने केले तर ते करणाऱ्या माणसाचे काय होते?

अंबरनाथने या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर पाहिलेले आहे. चापेकचे नाटक गाजत होते त्याच दशकात स्वीडिश भांडवलावर इथे विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला. काडी तासण्यापासून पेटी भरण्यापर्यंतचे काम यंत्रांवर होई. सर्वसाधारण समजुतीनुसार अशा यंत्रापुढे हाताने काड्या बनवणाऱ्यांचा टिकाव लागायला नको होता. घडले वेगळेच. सरकारने हातकामाच्या आगपेट्यांवर अबकारी कर कमी ठेवला, शिवकाशी परिसरातले छोटे उद्योग वाढत गेले आणि यंत्रावर चालणाऱ्या विम्कोची पीछेहाट झाली. आता विम्कोचा कारखाना इथे चालत नाही. याचा अर्थ हातकाम पवित्र ठरले असा नाही; शिवकाशीच्या आगपेट्यांमागे बालमजुरीचा काळा इतिहास आहे. अर्थ एवढाच की यंत्र आणि माणूस यांच्यातला निकाल यंत्राच्या ताकदीवर आपोआप लागत नाही. तो कर, कायदा आणि राजकारण ठरवतात. कृत्रिम बुद्धिमत्ता अटळ आहे, तिच्यापुढे फक्त जुळवून घ्यायचे, असे आज रोज सांगितले जाते. त्या सांगण्याला उत्तर देणारे नाटक अंबरनाथच्या औद्योगिक शेडमध्ये झाले तर जागाच त्याचा पुरावा ठरेल.

हे अशक्य नाही. पॅरिसच्या व्हँसेन वनात आरियान म्नुश्किन यांची नाटक मंडळी १९७० पासून जुन्या दारूगोळा कारखान्यात नाटके करते आहे. आपल्या प्रायोगिक रंगभूमीचा सुवर्णकाळही नाट्यगृहात घडला नाही. तो १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात, ‘आविष्कार’च्या पुढाकाराने घडला. आणि वास्तूला नवे आयुष्य देणे उल्हासनगरला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, त्यातूनच हे शहर झाले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कृत्रिम बुद्धिमत्तेचा फटका कारखान्यातल्या हातांना नव्हे, कार्यालयातल्या डोक्यांना बसणार आहे. आक्षेप खरा आहे, पण म्हणूनच हे नाटक इथे हवे. बदलापूरहून सुमारे ६८ किलोमीटरवरच्या सीएसएमटीपर्यंत लोकलने जाऊन हिशेब, नोंदी आणि भाषांतरे करणारा नोकरदार वर्ग हाच त्याचा प्रेक्षक आहे. आगपेटी कामगाराचा प्रश्न आपलाही आहे, हे त्याला त्या शेडमध्ये बसल्यावर कळेल. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: कामगाराच्या उद्ध्वस्त आयुष्याची आरास करून मध्यमवर्गाने तिकीट लावायचे का? कामगाराला केवळ पार्श्वभूमी केले तर हा आरोप टाळता येणार नाही. पण गिरणी कामगाराचे कोसळलेले घर जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये मांडले तेव्हा ती आरास नव्हती. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांतून कामगार स्वतः रंगमंचावर उभे राहत आले आहेत. संहितेत त्यांची साक्ष आणि मंचावर त्यांची माणसे असावीत, ही अट घालता येते.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि त्याला भावनेने उत्तर देता येत नाही. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. त्यामुळे संरचनात्मक तपासणी, अग्निशमन दलाचा दाखला आणि रसायनांचा अंश उरलेला नाही याची खात्री, यांशिवाय एकही प्रयोग होऊ नये. राहिला मुद्दा जमिनीच्या भावाचा: एवढी महाग जागा मालक नाटकाला का देईल? अशी शेड कायमची मागायचीच नाही. बांधकाम सुरू होईपर्यंत जागा रिकामीच असते; तेवढ्या काळापुरता, नाममात्र भाड्याचा करार मालकालाही परवडतो.

तेव्हा एमआयडीसीने, उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपालिकांनी मिळून एक सुरक्षित शेड एका हंगामासाठी रंगकर्मींना द्यावी. बदल्यात मराठी, सिंधी आणि हिंदी बोलणाऱ्या इथल्या कामगारांसाठी पहिल्या रांगेत मोफत प्रवेश मागावा.