फॉरमॅट मारण्याआधी

चवथीआधी घर साफ करायला काढलं की माळ्यावरचं काहीबाही खाली येतं. यंदा माझा जुना कॉम्प्युटर आला. विंडोज एक्सपीवाला, ८० जीबीची हार्ड डिस्क. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला, तेव्हा म्हटलं हलकंसं लिनक्स टाकून भाच्याला देऊ. दुकानातला मुलगा म्हणाला, "फोटो-बिटो काढून घ्या, फॉरमॅट मारतो."

फोटो काढले, लेखनही पेन ड्राइव्हवर घेतलं. घरी लॅपटॉपवर उघडून बघतो तर जत्रेच्या नाटकाच्या संहितेच्या जागी रोमन अक्षरांची नि चिन्हांची खिचडी! तसाच दुकानात फोन केला, "थांब रे बाबा!"

कारण साधं आहे. तेव्हा आपण युनिकोडमध्ये टाइप करतच नव्हतो. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव... फाइलमध्ये साठायचे ते रोमन अक्षरांचे संकेतांक, 'क'चा आकार फक्त फॉन्ट दाखवायचा. फॉन्ट गेला की मजकूर असून नसल्यासारखा. त्यात प्रत्येकाची मांडणी निराळी. वर्डची फाइल निदान फॉन्टचं नाव तरी लक्षात ठेवते, नोटपॅडची तेवढंही नाही.

म्हणून मराठी लिहिणाऱ्याने 'माय डॉक्युमेंट्स' उचललं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत 'फॉन्ट्स' नावाचं फोल्डर असतं, तेही घ्या. मग कन्व्हर्टरने युनिकोड करा. पण त्याआधी जुन्या मशीनवरच एक प्रिंट काढून ठेवा, कारण कन्व्हर्टर हमखास घसरतो तो रफारावर आणि पहिल्या वेलांटीवर.

काहीजण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? अहो, गावच्या नाटकांच्या संहिता कुठे छापल्या जातात? एक प्रत दिग्दर्शकाकडे, एक प्रॉम्प्टरकडे, आणि तिसरी अशीच कुणाच्या तरी डिस्कवर.

(चुकून फॉरमॅट झालंच तर लगेच हाय खाऊ नका. क्विक फॉरमॅट नुसती अनुक्रमणिका पुसतं, पानं जागेवरच असतात. नवी सिस्टिम मात्र वर चढवू नका. आणि याच कारणासाठी, कॉम्प्युटर परक्याला देणार असाल तर डिस्क पूर्ण पुसूनच द्या, नाहीतर तुमचे बँकेचे कागद तो वाचेल.)

भाचा रोज विचारतो, "मामा, कधी देतोस?" दोन नाटकं झालीत, तिसऱ्याचा दुसरा अंक चालू आहे. रफार शोधतोय.