पवनार म्हणजे "तासाभरात होऊन जातं"?

"पवनारला पाहण्यासारखं असं आहे तरी काय हो?" दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी विचारला तर समजू शकतो. पण वर्ध्यात जन्मलेली, वर्ध्यातच शिकलेली मंडळीसुद्धा विचारतात, आणि वर स्वतःच उत्तरही देतात, "आश्रम आहे, नदी आहे. तासाभरात होऊन जातं."

मंडळी, आज या "तासाभरात होऊन जातं"शी मला भांडायचं आहे.

आपलं वर्धा शहर वसलं १८६६ साली, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी. म्हणजे जेमतेम एकशे साठ वर्षांचं पोर! आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी, दीड हजार वर्षांहून जुनी वस्ती पांढरीखाली झोपलेली आहे. पण पोराच्या घरी कौतुकसोहळे, आणि पणजोबांना "पिकनिक स्पॉट" म्हणायचं. ही कुठली रीत?

आधी भूगोल. धाम ही काही मोठी नदी नव्हे. ती पुढे वणेला मिळते, वणा वर्धेला, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते आणि शेवटी सगळं पाणी गोदावरीत जातं. पवनारला मात्र या लहानशा नदीचं पात्र खडकाळ आहे, काठ उंच आहे आणि काठावर भरपूर काळी जमीन आहे. राहायला उंच जागा, प्यायला पाणी, पेरायला काळी. जुन्या माणसांनी गाव इथेच का वसवलं, हे कळायला पुस्तक लागत नाही, काठावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी पुरे.

आता इतिहास. पाचव्या शतकात विदर्भात वाकाटकांचं राज्य होतं. चंद्रगुप्त दुसरा याची मुलगी प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची सून. नवरा लवकर गेला, तेव्हा मुलं लहान म्हणून तिने स्वतः राज्य सांभाळलं. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन. त्याने नंदिवर्धनहून राजधानी हलवून प्रवरपूर वसवलं. अचलपूरजवळच्या चम्मकला सापडलेला त्याचा ताम्रपट प्रवरपुराहूनच दिलेला आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी असं मांडलं की हे प्रवरपूर म्हणजेच आपलं पवनार. १९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव आणि डॉ. म. के. ढवळीकर यांनी इथे उत्खनन केलं. एकावर एक वस्त्यांचे थर निघाले आणि १९६८ मध्ये अहवालही छापला गेला.

याच प्रवरसेनाच्या नावावर "सेतुबंध" हे काव्य आहे, तेही महाराष्ट्री प्राकृतात! २०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, ढोल वाजवले. फार चांगलं केलं. पण ज्या प्राकृताचं नाव घेऊन आपण तो दर्जा मागितला, त्या भाषेतल्या मोठ्या काव्याचा कर्ता मानला गेलेला राजा कदाचित आपल्या शेजारच्या गावात राहत होता, हे वर्ध्यातल्या किती पोरांना ठाऊक आहे?

इथे जाणकार मंडळी मला अडवतील. "मास्तर, प्रवरपूर म्हणजे पवनार हे पक्कं कुठे आहे? मनसरच्या उत्खननानंतर काही अभ्यासक प्रवरपूर तिकडे मानतात." बरोबर आहे. म्हणूनच मी वर "कदाचित" लिहिलं. पण वाद आहे म्हणून गप्प बसायचं, हे कोणतं शास्त्र? वाद आहे हीच तर शिकवण्याजोगी गोष्ट. मिराशींनी कोणता पुरावा दिला, मनसरवाले कोणता देतात, दोन्ही मुलांपुढे ठेवा आणि विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" वर्गात सनावळ्या घोकून घेण्यापेक्षा हा तास शंभर पटींनी बरा. आणि प्रवरपूर उद्या मनसरला गेलं तरी पवनारच्या पांढरीतले थर काही उठून मनसरला जाणार नाहीत.

वाकाटकांपाशीही गोष्ट संपत नाही. ऐने-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये पवनारचं नाव येतं, म्हणजे मोगलाईतही हे परगण्यांचं मुख्य ठाणं होतं. लोककथेत इथे पवन राजा होता, त्याच्याकडे परीस होता. तो रयतेकडून शेतसारा म्हणून नांगराचे लोखंडी फाळ घ्यायचा आणि परीस लावून त्यांचं सोनं करायचा! ही काही इतिहासातली नोंद नव्हे. पण पैशाऐवजी लोखंड घेणारा राजा ज्या रयतेने रचला, तिला सारा किती जड जात असेल, ते या कथेत दिसतं.

मग १९३८. विनोबांची प्रकृती ढासळली, गांधीजींनी विश्रांती घ्यायला सांगितलं आणि विनोबा पवनारला जमनालाल बजाजांच्या बंगल्यात आले. धामचा पूल ओलांडताना मनातून सगळं सोडलं म्हणत आले. विश्रांती म्हणजे काय, तर कुदळ घेऊन शेत खणणं! त्या खणण्यात मूर्ती निघाल्या. एका शिल्पात त्यांना भरत-राम भेट दिसली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी याच भेटीच्या चित्राची कल्पना बोलून दाखवली होती. मिराशींनीही ही शिल्पं रामकथेची मानली, काही अभ्यासक त्यांचे वेगळे अर्थ लावतात. पुढे १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात इथून झाली, १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी धाममध्ये विसर्जित झाल्या, १९५९ मध्ये ब्रह्मविद्या मंदिर उभं राहिलं आणि १९८२ मध्ये विनोबांनी इथेच देह ठेवला.

यातलं शेवटचं प्रकरण तेवढं लोकांना माहीत असतं. त्याचा मला आदरच आहे. पण विनोबांची कुदळ ज्या मातीत शिरली, त्या मातीचं काय? आश्रम बघणारा माणूस त्या शिल्पांपुढून चालत जातो आणि त्याला वाटतं, कोणीतरी आणून ठेवली असतील.

आणि आपण पवनारला करतो काय? गणपती-देवी नेऊन बुडवतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी काठावर जाऊन बघा, प्लास्टरचे हात, सोंडा, थर्माकोल आणि निर्माल्याच्या पिशव्या. दीड हजार वर्षं ज्या नदीने गावाला पाणी पाजलं, तिला ही दक्षिणा! मधूनमधून "सुशोभीकरण" येतं. दिवे लागतात, फरशी बसते, रेलिंग येतं. सुशोभीकरण म्हणजे सिमेंट, हे समीकरण कोणी काढलं कोण जाणे. आणि आता शक्तिपीठ महामार्ग. जाहीर झाला तो पवनार ते पत्रादेवी, सुमारे ८०२ किलोमीटर. म्हणजे महाराष्ट्राला पवनार कळलं ते रस्त्याचा शून्य किलोमीटर म्हणून!

माझी भाची काही वर्षं फ्रान्समध्ये होती. तिने टार्न नदीकाठच्या म्वासाक नावाच्या गावाचे फोटो पाठवले होते. गाव आपल्या एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. तिथल्या मठाची ओवरी इ.स. ११०० मध्ये झाली, तसं दगडावरच कोरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली आणि तिने मठाची भोजनशाळा गिळली. ओवरी तेवढी वाचली. १९३० च्या पुरात त्या गावात शंभरावर माणसं गेली. एवढं सोसून गावाने ती ओवरी जपली, आणि १९९८ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत आली. तेव्हा "विकास हवा की वारसा" असं मला विचारू नका. त्यांच्याकडेही रेल्वे धावते, आणि ओवरीही उभी आहे.

"मग काय, लोकांची घरं उठवून खोदायचं?" असंही एकाने मला विचारलं. अजिबात नाही! पांढरीवर राहणारी माणसं हीच या गावाची सगळ्यात जुनी परंपरा. मागणं अगदी लहान आहे. काठावर आणि गावात चार पाट्या लावा, सोप्या मराठीत, वादासकट. गावातच एक खोली द्या, तिथे शिल्पांचे फोटो आणि उत्खननाच्या अहवालातली चित्रं मांडा. पांढरीची माती उकरून नेऊ नका, आणि सरकारी कामाचा पाया खणण्याआधी जाणकाराला एकदा दाखवा. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेने सातवी-आठवीच्या मुलांना वर्षातून एक दिवस तिथे न्यावं, डबा खायला नव्हे, शिकायला. एवढ्याला कोटी रुपये लागत नाहीत.

मी आयुष्यभर मुलांना मोहेंजोदडोची स्नानगृहं शिकवली, कारण ती पुस्तकात होती. पवनार पुस्तकात नव्हतं. ज्या मुलाला आपल्या पायाखाली काय आहे हे कोणी सांगितलं नाही, ते मोठं होऊन "इथे पाहण्यासारखं काय आहे" असंच विचारणार. दोष त्याचा नाही.

तर नातेवाईक मंडळी, यंदा सुट्टीत आलात की पवनारला नेईन, पण अख्खा दिवस काढून या. आणि ब्लॉगवाले दोस्तहो, तुमच्या गावच्या पांढरीखाली काय आहे, तेही कधीतरी लिहा.